टाके निघाल्यानंतर

माझ्या छातीवर दोन आडवे वण आहेत. काखेच्या खालून निघतात, छातीच्या स्नायूची कड धरून आत येतात आणि मधल्या हाडाच्या अलीकडे, एकमेकांना न भेटता, थांबतात. डावा आता सपाट झालाय, बोट फिरवलं तरी हाताला लागत नाही. उजव्याचं काखेकडचं टोक मात्र जाड राहिलंय आणि हवा बदलली की खाजतं. जामनेरला मे महिन्यात पारा 44-45 अंशांना टेकतो. तेव्हा दुकानात बनियनवरच काम चालतं, आणि हात वर गेला की हे टोक दिसतं. गिऱ्हाईक विचारतं, ‘काय भाऊ, बायपास झाली का?’ बायपासचा चिरा छातीच्या मधोमध उभा असतो, पण दर वेळी शरीरशास्त्र शिकवत कोण बसेल? मोटार किती एचपीची, कधी जळाली, एवढं विचारून मी वही काढतो.

मी ट्रान्स पुरुष आहे. दाखल्यावर ‘मुलगी’ लिहिलं गेलं, शाळेत दोन वेण्या घालून गेलो, आणि कळतं झाल्यापासून ते माझ्याशी कधी जुळलं नाही. आयटीआय केली, वायंडिंग शिकलो, आता विहिरीवरच्या मोनोब्लॉक आणि बोअरच्या सबमर्सिबल मोटारी भरून देतो. छातीचं ऑपरेशन पुण्यातल्या एका रुग्णालयात झालं. आमच्यात त्याला सगळे ‘टॉप सर्जरी’ म्हणतात. ऑपरेशन दोन-चार तासांचं. लोकांना वाटतं, कापलं की झालं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ते वर्ष-दीड वर्ष चालतं आणि त्यातलं बरंचसं डॉक्टरच्या नव्हे, आपल्या आणि घरच्यांच्या हातात असतं. त्याबद्दल, आणि तेही आपल्या सावळ्या कातडीबद्दल नि आपल्या उन्हाबद्दल, मराठीत फार थोडं वाचायला मिळतं.

खान्देशात ट्रान्स म्हटलं की लोकांसमोर एकच चित्र येतं, तृतीयपंथी म्हणून राहणाऱ्या ट्रान्स स्त्रियांचं. आमच्याच जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचं नाव तर सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या जागेवर भरलेला त्यांचा अर्ज नाकारला गेला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी 2021 मध्ये न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्या निवडूनही आल्या. ट्रान्स पुरुष मात्र गर्दीत मिसळून जातो. दाढी आली, आवाज फुटला, की कोणी वळून बघत नाही. त्यामुळे आम्ही नाहीच, असा समज.

त्याला अपवाद एकच आठवतो. 2018 साली बीडच्या पोलीस दलातले ललित साळवे यांची बातमी घरोघरी पोचली. शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली, ते मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, अखेर परवानगी मिळाली आणि मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ते पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाले. मला आजही विचारतात, ‘तू त्या साळवेसारखा का?’ तर सगळंच तसं नाही. त्यांच्या तपासण्यांत वाय गुणसूत्र आढळल्याचं तेव्हा छापून आलं होतं. माझ्या कुठल्याही तपासणीत काही वेगळं निघालं नाही, आणि निघायची गरजही नसते. पण एक मान्य करतो: ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा कोणी आवाज बंद केला नाही.

ऑपरेशन केल्याशिवाय माणूस ट्रान्स पुरुष ठरत नाही, असंही नाही. 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की स्वतःची लिंगओळख सांगायला शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. कित्येक जण आयुष्यभर करत नाहीत, कोणाला परवडत नाही, कोणाला नको असतं. मला हवं होतं. त्याचं कारण पाय मुरगळल्यावर बांधतात त्या क्रेप बँडेजमध्ये आहे.

छाती सपाट दिसावी म्हणून ते गुंडाळायचं. मुरगळीसाठी बनवलेली ती पट्टी हालचालीबरोबर आवळत जाते, बरगड्यांना फुगायला जागा देत नाही. वाकून मोटारीच्या खोबणीत तार भरताना श्वास अर्धाच यायचा. उन्हाळ्यात पट्टीखाली घामोळ्या, मग बुरशीचा चट्टा. यासाठी खास शिवलेले बायंडर मिळतात, ते बरे. तेही दिवसातून आठ तासांच्या वर नको आणि झोपताना तर नकोच. पुरुषी हार्मोननं, म्हणजे टेस्टोस्टेरॉननं, आवाज आणि दाढी येते, पण आलेली छाती जात नाही. वर्षानुवर्षं आवळून बांधल्यानं कातडीची लवचीकता कमी होते. ऑपरेशन कुठल्या पद्धतीचं होऊ शकेल, हे ठरवण्यात या लवचीकतेला महत्त्व असतं, हे मला सर्जनच्या टेबलापलीकडे बसल्यावर कळलं.

छाती लहान आणि कातडी ताणाला साथ देणारी असेल, तर स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळाच्या कडेनं छोटा चिरा घेऊन आतली ग्रंथी काढता येते. वण त्या वर्तुळात जवळजवळ लपून जातो. छाती मोठी असेल तर तसं केल्यानं कातडी सैल लोंबत राहील. मग दोन्ही बाजूंना लांब आडवे चिरे घ्यावे लागतात, जास्तीची कातडी काढावी लागते आणि स्तनाग्रं सुटी करून, लहान करून, नव्या जागी लावावी लागतात. माझं हे दुसरं झालं. लावलेलं स्तनाग्र म्हणजे त्वचारोपणच. त्याचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो. खालच्या जागेतून नव्या बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरल्या तरच ते जगतं. म्हणून त्यावर गादीसारखं ड्रेसिंग दाबून शिवतात आणि आठवडाभर हलवत नाहीत.

इथे तंबाखूचं सांगितलंच पाहिजे, कारण आमच्याकडे चुना-तंबाखूची डबी खिशात आणि मिसरीची डबी चुलीजवळ असतेच. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेट असो, गुटखा असो की दाताला लावलेली मिसरी, सर्जन आधीचे आणि नंतरचे किमान चार आठवडे पूर्ण बंद करायला सांगतात, ते याच कारणानं. ‘एखादी चिमूट’ असा प्रकार चालत नाही. स्तनाग्र काळं पडून गळून जाण्याचा आणि चिरा उसवण्याचा धोका त्यानं वाढतो.

एक आडवळण घेतो. या ऑपरेशनचं नाव इंग्रजी असल्यानं ते आत्ताचं, इंटरनेटवरचं खूळ आहे असं मला एका शिकलेल्या माणसानं ऐकवलं होतं. इंग्लंडमधल्या मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषाची छातीची शस्त्रक्रिया 1942 साली झाली. महायुद्ध चालू होतं, पेनिसिलिन अजून सामान्य रुग्णांच्या हाती आलं नव्हतं. पुढे आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाणारे हॅरल्ड गिलीझ यांनी त्यांच्यावर आणखी शस्त्रक्रिया केल्या. डिलन स्वतः डॉक्टर झाले, जहाजांवर नोकरी केली. 1958 मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचं गुपित फोडलं, तेव्हा ते सगळं सोडून भारतात आले. बौद्ध दीक्षा घेतली, लडाखच्या मठात राहिले आणि 1962 च्या मे महिन्यात डलहौसीत वारले. वय अवघं 47. त्यांच्या छातीवरच्या वणांची काळजी लडाखच्या थंडीत कोणी घेतली असेल, असा विचार मनात येतो खरा. पण तोवर ते वण वीस वर्षांचे झाले होते, त्यांना काळजी नकोच होती.

वण नवा असतो तेव्हाच त्याला माणूस लागतो.

शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या बाहेर आलेल्या, त्यांना दाबलेले प्लास्टिकचे फुगे. हे ड्रेन. ग्रंथी काढल्यावर कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी उरते, तिथे रक्तमिश्रित पाणी साठतं, ते ओढून घेण्यासाठी. फुगा रिकामा करायचा, किती मिलिलिटर निघालं ते लिहायचं. चोवीस तासांत साधारण 20-30 मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. माझी माय शाळेत चौथीपुढे गेली नाही, पण तिनं ती वही अशी ठेवली की पुण्याच्या सिस्टरनं तिचा फोटो काढून घेतला. लाल, मग गुलाबी, मग पिवळट; रंगही लिहायची. पहिल्या एक-दोन दिवसांत एका बाजूला अचानक सूज, ताण आणि ठणका वाढला तर आत रक्त साठतंय असं समजायचं आणि तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरला उठवायचं, कधी परत ऑपरेशन टेबलावर न्यावं लागतं. नंतरच्या आठवड्यांत नुसतं पाणी साठलं तर बहुधा सुईनं काढता येतं. म्हणूनच नळ्या निघेपर्यंत रुग्णालयाच्या जवळपास राहायचं, गावाकडे पळायचं नाही. आम्ही मामाच्या ओळखीनं एका खोलीत राहिलो.

गावाकडचा प्रवास भाड्याच्या गाडीनं केला. छाती आणि सीट बेल्ट यांच्यात उशी धरायची, ही साधी युक्ती सिस्टरनं सांगितली होती. पुणे ते जामनेर रस्त्यावर किती गतिरोधक आहेत ते त्या उशीला विचारा.

घरी आल्यावर खाटेवर गोधड्यांच्या घड्या रचून माझ्यासाठी उतरती टेकण केली, कारण सपाट झोपलं की उठताना छातीच्या स्नायूवर सगळा भार येतो. कुशीवर वळायचं नाही. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. दोन-तीन किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. कागदावर वाचलं तेव्हा सोपं वाटलं. घरात मग कळायला लागतं की फळीवरचा डबा, खुंटीवरचा शर्ट, डोक्यावरून घालायचा बनियन, हातपंपाचा दांडा, मोटारसायकलचं हँडल, भाकरीचं पीठ मळणं, सगळं या तीन वाक्यांत बसलेलं आहे. डोकं धुवायचं तर दुसऱ्याच्या हातानं. माय मला पाटावर पुढे वाकवून बसवायची आणि लहानपणी घासायची तसंच खसाखसा घासायची. ‘हळू’ म्हटलं तर म्हणायची, ‘आंग दुखते का डोकं दुखते? डोकं तं धड आहे ना तुले.’ चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून मी अंगणात फेऱ्या मारायचो आणि शेजारची आजी फेऱ्या मोजायची. पोटरी दुखायला-सुजायला लागली किंवा दम लागला तर ते ‘अशक्तपणा’ म्हणून सोडायचं नाही.

दुकानाचं शटर ही सगळ्यात अवघड गोष्ट. वाकून धरायचं, झटक्यानं डोक्याच्या वर न्यायचं. छातीच्या चिऱ्याला यापेक्षा वाईट व्यायाम शोधून सापडणार नाही. त्या दिवसांत आमच्या घरातले वडीलधारे नाना रोज सकाळी शटर उघडायला यायचे आणि संध्याकाळी ओढायला. माझ्या ऑपरेशनबद्दल ते तेव्हा एक शब्द बोलले नव्हते, पुढेही फारसं बोलले नाहीत. शटर मात्र त्यांनी मला कित्येक महिने उघडू दिलं नाही, डॉक्टरनं परवानगी दिल्यानंतरही.

छातीला घट्ट बसणारं जाकीट तीन ते सहा आठवडे घालायला लावतात, सूज आणि पाणी साठणं कमी राहावं म्हणून. जाकीट थंड देशांत शोधलं गेलं असावं. आपल्याकडे ऑपरेशन करायचं तर दिवाळीनंतर करा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. माझं झालं तेव्हा होळी जवळ होती, आणि पुढे ऊन तापत गेलं. आतून मऊ सुती बनियन, दुपारी पंख्याखाली दोन जाकिटं पाळीपाळीनं, आणि जखमेच्या आसपास पावडर अजिबात नाही, एवढ्यावर निभावलं.

जंतुसंसर्गाची खूण म्हणून सगळीकडे ‘लाली’ लिहिलेलं असतं. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. माझ्यासारख्या सावळ्या अंगावर ती जांभळट, काळपट दिसते, कधी दिसतच नाही. त्यामुळे हात लावून बघायचं: एक बाजू जास्त गरम आहे का, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय का, वास येतोय का, ताप आहे का. जामनेरच्या ज्या डॉक्टरांकडे मी ड्रेसिंगला जायचो, त्यांनी असं ऑपरेशन आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते सरळ सांगितलं, डिस्चार्ज कार्ड दोनदा वाचलं, पुण्याच्या सर्जनला फोन लावला आणि मग हात धुतले. मला तो माणूस तिथेच आवडला. जे जाणतात ते दूर असतात. जवळच्या डॉक्टरला फोन करायची लाज नसली की अर्धं काम होतं. कागदपत्रांत काय काय केलंय ते नीट लिहून आणा आणि लपवू नका, एवढं आपल्याकडून.

आठवड्यानं स्तनाग्रांवरची गादी काढली तेव्हा खाली काळी खपली होती. मी घाबरलो, माय माझ्याहून जास्त. तिनं देवासमोर दिवा लावला. पण वरची खपली काळी पडणं बहुतेकदा सामान्य असतं. ती आपोआप सुटते आणि खाली गुलाबी कातडी निघते, खरा रंग भरायला काही महिने जातात. ओढून काढायची नाही एवढंच. संवेदना मात्र बहुधा परत येत नाही, आली तरी अर्धवट. छातीचा बराच भाग मलाही कित्येक महिने बधिर होता, मग मुंग्या, मधूनच विजेसारखी चमक. नसा पुन्हा जोडल्या जात असल्याची ती खूण. वायंडिंगवाल्याला शॉकची सवय असते, तरी दचकायला व्हायचं.

पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक उदासी येते, तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली, मग रडू का येतंय? भुलीचा उतार, दुखण्याच्या गोळ्या, बद्धकोष्ठ, परावलंबन, आरशातली सुजलेली वाकडी छाती, या सगळ्याचं ते मिळून असतं. ‘पस्तावलास का?’ असं त्या दिवसांत कोणी विचारू नये. मला विचारलं गेलं. मी भाजी वाढायला सांगितली.

आता वणाकडे येतो.

जखम भरताना शरीर आधी रक्त थांबवतं, मग जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतं, मग घाईघाईनं कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे धागे टाकतं. निरोगी कातडीत हे धागे सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंफलेले असतात. वणात ते एकाच दिशेनं, जवळजवळ समांतर पडतात, उभ्या दोऱ्या ओढून आडव्या विणायच्या राहून गेलेल्या खाटेसारखे. पुढचे महिने शरीर ते धागे काढून, बदलून, नीट लावत बसतं. चिऱ्याची ताकद पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूळ कातडीच्या जेमतेम 3 टक्के असते. तीन आठवड्यांनी 20 ते 30 टक्के. तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के, आणि त्याच्या वर ती फारशी जातच नाही, कधीच पूर्ण शंभर होत नाही. हा हिशेब मला सर्जननं कागदावर काढून दिला, तेव्हा मला त्या सगळ्या मनाईचा अर्थ लागला. टाके निघाले म्हणून मोटार उचलायला जाणारा माणूस तीन-चार टक्क्यांवर भार टाकत असतो. ताण पडला की वण रुंद आणि जाड होतो, आणि तो रुंदावलेला मग पुन्हा अरुंद होत नाही.

दुसरी गोष्ट, वण बरा होताना आधी वाईट दिसतो. दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान तो सर्वांत उठावदार, कडक आणि गडद असतो, खाजही तेव्हाच. पुष्कळ जण तेव्हा निराश होतात. पिकायला त्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं. पुण्यात प्रतीक्षेत बसलेल्या एका मुलानं मोबाइलवर एका महिन्याचे सुंदर फोटो दाखवले होते. मी सर्जनना म्हटलं, मला वर्षानंतरचे दाखवा आणि माझ्या रंगाच्या माणसाचे दाखवा. त्यांनी दाखवले. त्यात चांगले होते तसेच जाड झालेलेही होते. जाड झालेले दाखवले म्हणून मी त्यांच्याकडे नाव घातलं.

सावळ्या कातडीला दोन खोडी असतात. एक, जखमेच्या जागी रंग जास्त साठतो, वण काळा पडतो. त्यावर ऊन लागलं की अधिकच. आणि दोन, वण बेसुमार वाढण्याची प्रवृत्ती. यातही फरक आहे. काही वण उंच, टणक होतात पण चिऱ्याच्या हद्दीत राहतात, आणि बरेचदा काळानं आपोआप बसतात. माझं उजवं टोक या जातीचं. दुसरा प्रकार केलॉइड. तो हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर चढतो, महिन्यांनंतरही सुरू होतो, खाजतो, दुखतो आणि स्वतःहून बसत नाही. छातीचं मधलं हाड, खांदे आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. घराण्यात चालत येतो. माझ्या आत्याच्या कानाला टोचल्यानंतर बोराएवढी गाठ आली होती. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तिनं पदर त्या कानावर ओढलेला आहे. ऑपरेशनआधी सर्जननं ‘घरात कोणाच्या कानाला गाठ?’ असं विचारलं, तेव्हा मी हसलो होतो, मग आत्या आठवली. केलॉइड नुसता कापून टाकला तर बहुतेकदा पुन्हा येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून आधी माहिती असलेलं बरं.

उपाय फार नाहीत, पण आहेत ते कामाचे. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, दिवसातले बारा तास तरी, निदान दोन-तीन महिने. पट्टीचा परिणाम चांगला, पण आमच्या उन्हात ती घामानं निसटायची, खाली पुरळ यायचं. मी दिवसा जेल आणि रात्री पट्टी असा तोडगा काढला. सर्जननं हो म्हटल्यावर बोटानं दाबून मालीश, रोज थोडा वेळ. मालीशनं वण नाहीसा होत नाही, पण खालच्या थराला चिकटत नाही आणि खाज कमी होते, हा माझा अनुभव. वर्षभर उन्हापासून झाकणं. जाड टोकासाठी जळगावच्या त्वचारोग डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड वणातच सुईनं दिलं, चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं. सुई दुखते, खोटं कशाला सांगू. त्यानं गाठ बसते, मात्र आसपासची कातडी फिकट पडू शकते, हेही त्यांनी आधी सांगितलं. टोकाला कातडीची घडी उरली असेल तर वर्षभरानं छोटी दुरुस्ती करता येते. मी केली नाही.

गावठी उपायांची तर रांग लागली होती. हळद-तूप, लिंबू, टूथपेस्ट, कांद्याचा रस. हळद पोटात घ्या, ताज्या टाक्यांवर काहीही लावू नका, इतकंच म्हणेन. पण एका जाणत्या म्हातारबाबानं खाजणाऱ्या जाड टोकावर बिब्ब्याचा चटका सुचवला, तेव्हा माय त्यांच्यावर चक्क ओरडली. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजून फोड येतात, आणि ज्या अंगाला जाड वण यायची सवय आहे त्यावर नवी जखम म्हणजे नवा वण. आमच्याकडे बिबा घरोघरी असतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खर्चाचं थोडक्यात. 2019 साली मंजूर झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या 15 व्या कलमात शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि त्यासाठी विमा यांचा उल्लेख होता. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा करारही झाला. माझे पैसे मात्र मायच्या भिशीतून, दोन हंगामांच्या वायंडिंगमधून आणि एका वर्षाच्या कापसातून आले. ओळखपत्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालय, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र, रक्ताच्या तपासण्या, याला वेळ धरून चालावं. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र म्हणजे वेडाचा दाखला, असा घरात समज होता. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, हा विषय मानसिक विकारांमधून काढून टाकला आहे, हे मी नानांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि यादी किती पानांची असते ते विचारलं.

आणखी एक, जे सहसा सुटतं. ऑपरेशनमध्ये ग्रंथी जवळजवळ सगळी काढतात, पण शेवटचा कण निघत नाही. थोडी ठेवावी लागते, नाहीतर छाती खड्ड्यासारखी दिसते. म्हणजे स्तनाच्या कर्करोगाची शक्यता खूप कमी होते, शून्य होत नाही. आंघोळीत वणाच्या वर-खाली, काखेत बोटं फिरवून बघायची, नवी गाठ लागली तर ‘पुरुषाला कशाला’ असं न म्हणता दाखवायची. मायच्या माहेरी एकीला तो आजार झाला होता, म्हणून मला हे लक्षात ठेवायला सोपं गेलं.

आता आजूबाजूच्या तालुक्यांतून कधीमधी फोन येतात. नंबर कुठून मिळतो देव जाणे. परवा एकाचा आला, बावीस-तेवीसचा असेल, जिनिंगमध्ये कामाला. आवाज दबका, मागे यंत्रांचा खडखडाट. त्याला एकच विचारायचं होतं, वण किती दिवसांनी जातो. म्हटलं, जात नाही, पिकतो. मग मी माझं प्रश्नपत्रक सुरू केलं: तंबाखू खातोस का, घरी डोकं धुवून देणारं कोण आहे, कामावर जड उचलावं लागतं का, लहानपणी कान टोचले होते का. म्हणाला, टोचले होते, डाव्या कानाला तेव्हापासून गाठ आहे, पण तिचा इथे काय संबंध?

संबंध सांगायला पंधरा मिनिटं लागली. पुण्याची तारीख ठरवायची त्यानं आता थांबवली आहे. सोमवारी सुटी टाकून तो जळगावला त्वचारोग डॉक्टरकडे कान दाखवायला जातोय.